बाबाजान पावलांकडं बघायचा

तिसगावात ज्याची त्याची भीती ठरलेली होती. कोणी सासूला भीत असे, कोणी फौजदाराला, कोणी मोहट्याच्या देवीला. बाबाजान निवड करत बसायचा नाही. तो सरसकट भ्यायचा. विजेला भ्यायचा, देवीची लस टोचणाऱ्याला भ्यायचा. एसटीच्या कंडक्टरनं तिकीट विचारलं की तिकीट हातात असूनही त्याच्या कपाळावर घाम यायचा. एकदा बाजारात एका बदकानं रोखून पाहिलं म्हणून तो गल्ली बदलून घरी गेला, असं पुंजाराम ढोलवाला शपथेवर सांगायचा. पुंजारामच्या शपथेला गावात फारशी किंमत नव्हती, पण या गोष्टीवर मात्र सगळ्यांचा विश्वास बसला.

असा हा माणूस लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. अंगानं सुतळीसारखा. क्लॅरनेट तोंडाला लावलं की वाद्य कुठं संपतं आणि बाबाजान कुठं सुरू होतो ते लांबून कळायचं नाही. बँडचा लाल कोट त्याच्या अंगावर नुसता वाळत घातल्यासारखा दिसायचा. ढोलावर पुंजाराम, झांजेला गहिनीनाथ, आणि बाकीची चार माणसं दर हंगामाला बदलत. गहिनीनाथ हा गोल, शांत आणि झुबकेदार मिशांचा माणूस. त्या मिशा पुढं महत्त्वाच्या ठरल्या, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

या ताफ्याची एक रीत होती. वरातीत काय वाटेल ते वाजवा, पंगतीला सिनेमातली गाणी वाजवा, पण नवरी सासरी निघाली की एकच चाल. ती चाल बाबाजानच्या आज्यानं बसवली असं म्हणत. खरं तर ती कोणीच बसवलेली नव्हती. तिला मोजलेला ठेका नव्हता. नवरीचं पाऊल हाच ठेका. पाऊल उचललं की सूर चढायचा, टेकलं की उतरायचा. नवरी आईच्या गळ्यात पडून थांबली, की सूर तिथंच धरायचा, ती निघेपर्यंत, मग छाती फुटो. ढोल आणि झांज क्लॅरनेटच्या मागं, आणि क्लॅरनेट पावलांच्या मागं. बापानं बाबाजानला बजावलं होतं की सूर कधी पावलाच्या पुढं जाऊ द्यायचा नाही. पुढं गेला तर पाऊल चुकतं, आणि निघतानाच पाऊल चुकलेली पोर सुखानं नांदत नाही. बाकीच्या भीत्या बाबाजाननं स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवल्या होत्या. ही एक मात्र वडिलोपार्जित होती.

त्यामुळं नवरीचा चेहरा त्यानं कधी पाहिलाच नाही. चार वर्षांनी एखादी लेकुरवाळी माहेरी आली आणि तिनं "काका, वळखलं का?" म्हणून विचारलं, की बाबाजान आधी खाली बघायचा. दोन पावलं चालायला लावायचा. मग म्हणायचा, "आगं, तू व्हय! डावा पाय घासत गेल्ती." आणि ओळख अचूक निघायची.

हे असंच चालू राहतं तर बाबाजान सुखानं भीत भीत म्हातारा झाला असता. पण एकाहत्तर साली फाल्गुनात, मढीची यात्रा भरली होती तेव्हा, मुंबईच्या एका तबकडी कंपनीचे साहेब नवस फेडायला मढीला चालले होते. तिसगावात त्यांची मोटार नवरीच्या मिरवणुकीनं अडवली. मोटार पुढं जाईना, साहेबांना ऐकण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. नवरी सावकाश चालणारी होती. अर्ध्या तासानं साहेब मोटारीतून उतरले ते डोळे पुसतच, आणि नवसाआधी त्यांनी ताफ्याचा पत्ता लिहून घेतला.

महिनाभरानं सगळा ताफा मुंबईला गेला. भिंतींना गोधड्या लावलेली एक खोली, खाली वायरींचं जाळं, काचेपलीकडं साहेब. तांबडा दिवा लागला की वाजवायचं असं सांगण्यात आलं. दिवा लागला. बाबाजाननं क्लॅरनेट तोंडाला लावलं, खाली पाहिलं, आणि नुसती हवा बाहेर आली. परत दिवा, परत हवा. तिसऱ्यांदा साहेब बाहेर आले आणि त्यांनी काय अडलं म्हणून विचारलं. बाबाजान घामानं निथळत म्हणाला, "साहेब, नवरी कुटं हाय?"

साहेबांना ही गावाकडची थट्टा वाटली. ते हसत आत गेले. ताफ्याला मात्र घाम फुटला. पावलंच नाहीत तर वाजवायचं कशावर? शेवटी पुंजारामनं डोकं चालवलं. झांजेवाचून अडत नव्हतं, म्हणून गहिनीनाथच्या डोक्यावरून त्यानं उपरणं ओढलं, मिशांसकट तोंड झाकलं, आणि त्याला दारापासून मायक्रोफोनपर्यंत नवरीसारखं चालायला सांगितलं. गहिनीनाथ प्रामाणिक माणूस. त्यानं मान खाली घातली, पदर दातात धरला आणि असा काही निघाला की पुंजारामलाही क्षणभर गलबलून आलं. काचेपलीकडं साहेबांचे डोळे यंत्राच्या काट्यावर होते. बाबाजानला पावलं दिसली. सूर लागला. चालीचा पहिला फेरा झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्या फेऱ्याच्या सुरुवातीला उपरण्याखालून काही न दिसल्यामुळं गहिनीनाथचा पाय वायरीत अडकला. तो अडखळला. आणि पावलामागं जाणारा सूरही अडखळला. मध्येच फाटला, गुदमरला, अर्धा श्वास हरवला, मग कसाबसा सावरून पुढं निघाला.

तांबडा दिवा विझला तेव्हा बाबाजान कपाळाला हात लावून बसला होता. साहेब काचेमागून धावत आले. आता बोलणी खावी लागणार म्हणून ताफ्यानं माना खाली घातल्या. साहेब म्हणाले की असा हुंदका आपण आयुष्यात ऐकला नाही, परत वाजवायचं नाही, हेच ठेवायचं. बाबाजान खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात पुंजारामनं त्याला चिमटा काढला. तबकडीवर नाव छापलं गेलं 'हुंदका', खाली 'तिसगावचा बँड'.

त्या दिवाळीला तबकडी गावोगाव पोचली. तिसगावात ती लावण्याचा मान श्रीमंतचा. श्रीमंत हे त्याचं नाव. मालमत्ता म्हणजे एक यंत्र, दोन कर्णे आणि ते झाडाला बांधायची दोरी. पाथर्डीच्या स्टँडवरच्या हॉटेलात 'हुंदका', कारखान्याच्या मोळीपूजनाला 'हुंदका', सत्यनारायणाला 'हुंदका'. निवडणुकीच्या एका सभेतही तो लावला गेला. लोक ढसाढसा रडले आणि उमेदवार पडला. बायका म्हणत की त्या तिसऱ्या फेऱ्याला माहेरचा उंबरा डोळ्यांपुढं येतो. सबंध महाराष्ट्र जिच्यासाठी रडत होता त्या नवरीला मिशा होत्या, हे फक्त सात माणसांना ठाऊक होतं आणि सातही गप्प होते.

बाबाजाननं स्वतःचा सूर कर्ण्यातून पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो दारात दाढी करत होता. तो वस्तरा टाकून घरात गेला आणि आतून कडी लावली. बायको मेहताबनं विचारलं तर म्हणाला, बाहेर मी वाजतोय आणि माझं लक्ष नाहीये. तिला वाटलं, ताप चढला. पण बाबाजानचा हिशेब सरळ होता. आपला सूर आपल्यावाचून हिंडतोय. आत्ता, या घटकेला, कुठल्या तरी गावात कुठली तरी पोर त्या सुरावर निघाली असेल, आणि तिच्या पावलांकडं बघायला कोणी नसेल. आणि त्या सुरात एक ठेच आहे.

पुढं बोलावण्यांचा पाऊस पडला. श्रीरामपूर, संगमनेर, राहाता, खुद्द नगर. ताफ्याला जरीच्या पट्ट्यांचे नवे कोट आले, पुंजाराम चालताना पोट पुढं काढू लागला. आणि प्रत्येक मांडवात एकच गोष्ट घडायची. नवरी निघाली, दोन फेरे झाले, की सगळा मांडव श्वास रोखायचा. बायका पदर डोळ्यांपाशी नेऊन तयार राहायच्या. आणि नवरी बिचारी धडधाकट पोर, नीट चालत गाडीपाशी पोचायची. सूरही नीट चालत पोचायचा. पदर कोरडेच खाली यायचे. राहात्याच्या एका पाहुण्यानं ताफ्याच्या तोंडावर सांगितलं, "तुमी नकली हाय. खरा बँड तबकडीत हाय."

पुंजाराम चिडला. परतीच्या एसटीत त्यानं बाबाजानला घेरलं. एवढासा हुंदका, तो वाजवायला काय धाड भरते, लोक लांबून लांबून त्यासाठी येतात, असं तो पाथर्डी येईपर्यंत बोलत राहिला. बाबाजान खिडकीबाहेर बघत होता. अखेर तो एवढंच बोलला.

"पुंजा, ती ठेच हाय. चालत्या पोरीला मी ठेच कशी देऊ?"

पुंजाराम म्हणाला, "पोरीला कुठं, सुराला दे."

"ते एकच हाय," बाबाजान म्हणाला.

पण भित्र्या माणसाची अडचण अशी, की एक मोठी भीती त्याला दुसऱ्या मोठ्या भीतीपासून वाचवत नाही. बहात्तरच्या वैशाखात घोडेगावला आप्पासाहेबांच्या घरचं लग्न होतं. आप्पासाहेब बैलांचे व्यापारी. उधळलेला खोंड शिंगाला धरून बसवणारा माणूस. नवरी त्यांची धाकटी, राही. निघायच्या वेळी आप्पासाहेब बाबाजानजवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमानं म्हणाले, "मास्तर, हुंदका झाला पायजे. व्याही तेवढ्यासाठी थांबल्यात." प्रेमानंच म्हणाले, पण तो हात खांद्यावर होता आणि त्याचं वजन बाबाजानच्या गुडघ्यापर्यंत जाणवत होतं.

दोन फेरे झाले. राही ठाम पावलं टाकत होती. तिसरा फेरा सुरू झाला, हात खांद्यावरच होता, आणि बाबाजाननं आयुष्यात पहिल्यांदा पावलांवरची नजर काढली. डोळे मिटले आणि सूर अडखळवला.

राहीनं ती तबकडी शंभर वेळा ऐकलेली. तिच्या पायाला ती जागा पाठ होती. सूर अडखळला आणि पाऊल अडखळलं. ती सपाट जमिनीवर गुडघ्यांवर पडली. दोन्ही हातांचा हिरवा चुडा फुटला.

मांडव खुश झाला. लोक रडले, वाहवा म्हणाले. त्यांना वाटलं, हे सगळं ठरल्याप्रमाणं चाललंय. फक्त नवरीची आत्या आक्काबाई खाली बसली आणि काचांचे तुकडे एकेक करून ओच्यात गोळा करू लागली. गोळा करताना तिनं मान वर केली आणि बाबाजानकडं पाहिलं. त्याच्याकडंही नाही, त्याच्या हातातल्या क्लॅरनेटकडं.  

तेव्हापासून बाबाजाननं लग्नं घेणं सोडलं. ताफा त्याच्यावाचून जाऊ लागला आणि बोलावणीही हळूहळू कमी झाली. कंपनीकडून दुसऱ्या तबकडीसाठी पत्र आलं. ते त्यानं न वाचता कोनाड्यात ठेवलं आणि त्या कोनाड्यालाही भिऊ लागला. दर शुक्रवारी मात्र तो दोन एसट्या बदलून घोडेगावच्या बाजाराला जायचा. बाबाजानला बैलाचं काय काम? पण तो बैलांच्या रांगेतून हिंडायचा, खाली वाकून पाय निरखायचा आणि न बोलता पुढं जायचा. हा पायांचा मोठा जाणकार असावा, असं व्यापाऱ्यांचं मत झालं. दोघांनी तर त्याला बैल दाखवून सल्लाही विचारला. हिंडत हिंडत तो आप्पासाहेबांपाशी पोचायचा, दुष्काळाचं, चाऱ्याचं बोलायचा, आणि निघताना सहज विचारल्यासारखं विचारायचा की लेक बरी आहे ना. ती मजेत आहे, चांगली अंगानं भरली आहे, असं आप्पासाहेब सांगायचे. बाबाजानला तेवढ्यापुरता धीर यायचा. गुरुवारपर्यंत तो संपायचा.

दुष्काळाचा तो हिवाळा सरत आला तेव्हा एका शुक्रवारी राही स्वतःच बाजारात भेटली. नवऱ्याबरोबर आली होती. बाबाजाननं सवयीनं खाली पाहिलं. पावलं जड पडत होती, पण ठाम होती. पोटुशी होती. त्याला एवढं हलकं वाटलं की तो जवळ जवळ हसला. तेवढ्यात राहीच म्हणाली, "काका, तुमची तबकडी आमच्याकडं बी लई वाजती. ती जागा आली की मी भिंत धरते."

ती सहज हसत बोलली. बाबाजानला वाटलं, पायाखालची जमीन सरकली. म्हणजे त्या दिवशी संपलं नव्हतं. एवढ्या दिवसांनी, कुठल्या गावात, कुठल्या स्वयंपाकघरात ही पोर भिंत धरून उभी राहते आहे. आणि अशा भिंती धरणाऱ्या आणखी किती असतील?

ही भीती घेऊन तो घरी आला, आणि घरी लेकीचं लग्न ठरलेलं होतं.

शमशाद ही बाबाजानची एकुलती एक. बापाची सगळी भीती बापाकडंच राहिली आणि हिच्या वाट्याला काही आलीच नाही, असं गाव म्हणायचं. लहानपणापासून तुरुतुरु चालायची. विहिरीवरून भरली घागर घेऊन ती निघाली की कुत्री बाजूला व्हायची. स्थळ नेवाशाचं होतं, मुलगा गवंडीकाम करणारा, माणसं साधी. बाबाजाननं दोन अटी घातल्या. बँड नाही, आणि कर्णा नाही. बँडवाल्याच्या पोरीच्या लग्नात बँड नाही म्हटल्यावर गाव हसलं, पुंजाराम रुसला, मेहताबनं दोन दिवस अबोला धरला. बाबाजान हटला नाही. त्यानं क्लॅरनेट फडक्यात गुंडाळून गहिनीनाथच्या घरी ठेवायला दिलं. आपल्या घरात राहिलं तर आपलाच हात जाईल, ही भीती.

निकाह दुपारी झाला. जेवणं झाली. ट्रक गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. शमशाद घराबाहेर आली, अंगभर चादर, दोन्ही बाजूंनी बायका. आवाज फक्त पैंजणांचा. बाबाजान भिंतीला टेकून तिच्या पावलांकडं बघत होता आणि मनातल्या मनात जमेल ती प्रत्येक दुआ म्हणत होता.

आणि लिंबाच्या झाडावरून 'हुंदका' सुरू झाला.

श्रीमंतचं मन मोठं. बाबाजानच्या लेकीच्या लग्नात बाबाजानचाच सूर नाही, हे त्याला बघवलं नव्हतं. कोणाला न सांगता त्यानं झाडावर कर्णा चढवला होता आणि यंत्र लांब, शाळेच्या ओट्यावर मांडलं होतं. हा त्याचा आहेर होता. बाबाजान ओट्याकडं धावला, पण मध्ये वऱ्हाड, ट्रकमध्ये चढवायचं सामान, भांडी, माणसं. पोचणं शक्य नव्हतं. ओरडला, तर कर्ण्यापुढं त्याचा आवाज तो काय. पहिला फेरा संपला. त्यानं मागं वळून पाहिलं. शमशाद तिच्या चालीनं निघाली होती. गल्लीच्या टोकाला गटारीवर एक फरशी टाकलेली होती, एका बाजूनं डुगडुगणारी. बाबाजाननं पावलं मोजली, फेरा मोजला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरा फेरा संपेल तेव्हा ती बरोबर त्या फरशीवर असणार होती.

तो जागच्या जागी थिजला. आयुष्यभर ज्याला ज्याला भ्याला, ते सगळं या फरशीपुढं बदकाएवढं झालं.

दुसरा फेरा संपला. शमशादचा पाय फरशीपाशी आला. आणि थांबला. तिनं दुसरा पाय त्याच्याशेजारी आणून ठेवला, दोन्ही टाचा जुळवल्या आणि खुंटा ठोकल्यासारखी उभी राहिली. डोक्यावर कर्णा अडखळला, फाटला, गुदमरला. सगळ्या बायका एकदम रडल्या. दोन्ही बाजूंनी धरणाऱ्याही रडता रडता हेलपाटल्या. शमशाद हलली नाही. हुंदका तिच्या डोक्यावरून निघून गेला, एखादी एसटी थांबा न घेता जावी तसा.

मग तिनं चादर थोडी वर केली आणि बापाला शोधलं.

"अब्बा," ती म्हणाली, "इसकू बंद करने बोलो. अब तुम बजाव."

नवरीनं भर वऱ्हाडात तोंड उघडलेलं पाहून श्रीमंतनं घाबरून सुई उचलली.  गहिनीनाथ बाबाजानच्या शेजारी कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. काखेत फडक्यातलं क्लॅरनेट होतं. सांभाळायला दिलेली वस्तू घरी एकटी कशी ठेवायची, असं तो नंतर म्हणाला.

बाबाजानला क्लॅरनेटची भोकं सापडेनात. त्यानं मान खाली घातली. पावलं दिसली. ही पावलं पहिल्यांदा जमिनीला लागली तेव्हापासून त्याच्या ओळखीची होती. शमशादनं पाऊल उचललं, सूर चढला. फरशी डुगडुगली, सूर डुगडुगला आणि तिच्याबरोबरच सावरला. पलीकडं गेल्यावर ती तिच्या मूळ चालीवर आली. ती भराभर निघाली आणि बाबाजानला तिच्यामागं भराभर जावं लागलं. आज्याच्या वेळेपासून ती चाल एवढ्या घाईनं कोणी ऐकली नव्हती. पुंजाराम रुसवा विसरून कुठूनसा ढोल घेऊन आला, पण त्याला गाठताच येईना. बायकांना रडावं की हसावं कळेना. नवऱ्यामुलाचा बाप चुटक्या वाजवू लागला आणि बायकोनं डोळे वटारल्यावर थांबला.

ट्रकच्या मागं चढायला लाकडी पेटी ठेवली होती. शमशादनं उजवा पाय उचलला. सूर चढला. आणि तिनं पाय तसाच हवेत धरला.

पाय टेकेपर्यंत सूर सोडायचा नाही, ही रीत. बाबाजाननं धरला. मान लाल झाली, गळ्याच्या शिरा टरारल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आता छाती फुटेल असं वाटलं. पाय हवेतच. गहिनीनाथनं मागून त्याची पाठ धरली. चादरीच्या कडेखालचं ते एक पाऊल, मेंदीचं, न हलणारं, आणि त्याच्याकडं डोळे लावून उभा असलेला हा भित्रा माणूस. पाऊल खाली येईल म्हणून भिणारा, आणि येणार नाही म्हणूनही.

मग तिनं सावकाश, अगदी सावकाश, ते टेकवलं.